रुसायची जागा

मी, सुजाता विष्णू चौलकर, वय अडुसष्ट, राहणार उम्म अल कुवैन (आखात), पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तरी मी जुमानला नसता.

१. मुरुडजवळचे घर मी स्वतः आखले. रास अल खैमाला मी ज्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, ते जपानी वास्तुकार हिरानो म्हणत, खोल्यांना आधी नावे देऊ नका. माणसे कुठे जवळ येतील, कुठे लांब जातील ते आखा. भिंतींचे मागाहून बघू. घरात रुसायला जागा हवी, पण तिथे स्वयंपाकघरातला आवाज पोचला पाहिजे. म्हणून आपल्या घरात मध्ये सरकती दारे आहेत आणि चुलीमागे खिडकीखाली एक बाक आहे. कै. विष्णू त्या बाकाला जन्मभर हसले, आणि रुसले की तिथेच जाऊन बसले.

२. हे घर मुलगा नीरव व मुलगी श्रिया यांना समाईक. घर विकायचे की ठेवायचे यावरून दोघांनी वर्षभर अबोला धरला आहे. नीरवने मध्ये भिंत घालायला गवंडीही ठरवला. मला फार लागले ते. विटांची भिंत कदापि घालू नये. सरकत्या दारांना मी मुद्दामच कडी लावलेली नाही. चुलीमागचा बाक नीरवचा.

३. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. ड्रॉइंग बोर्ड सून रिद्धीला, नकाशा बघून "आई, भांडण कुठे करायचं?" असे विचारणारी ती एकटीच.

४. धाकट्या दिरांना काही नाही. मला न विचारता त्यांनी ओटीला ग्रिल ठोकले. ते काढून भंगारात द्यावे.

५. आज सहीसाठी दोघांनाही इथल्या फ्लॅटवर बोलावले. श्रिया वर आली, नीरव खाली गाडीतच. रिद्धी म्हणाली, "पार्किंग नाही म्हणतोय. रुसलाय, आई, खलास." मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि बांगड्याच्या कालवणाला लसणीची फोडणी दिली. थोड्या वेळाने दारात नीरव. "मम्मा, इज दॅट बांगडा?"

मी काही बोलायच्या आत श्रिया म्हणाली, "वॉश युअर हँड्स फर्स्ट."

तो गेला आणि हात धुऊन तिच्या शेजारी बसला.

तरीही कलम २ कायम ठेवावे. पुन्हा भांडतील. घर त्यासाठीच आखले आहे.

वरील मजकूर माझा, सही माझी.
सुजाता वि. चौलकर

साक्षीदार, दोघेही शेजारी:
खैरुद्दीन मुकादम
हव्वाबी मुकादम (सही करून जेवायला थांबल्या)

उम्म अल कुवैन, १४ नोव्हेंबर २०२५