कोरड्या पुलाखालची ओटी

आई, आज दुपारी पुलाखाली जाऊन आले. झेंडूचा पहिला तोडा बाजारात गेला, जरा उसंत मिळाली. दगडी कमानी जशाच्या तशा आहेत; वर रूळ नाहीत आणि खाली पाणी नाही. नव्वद साली नदी वळवली, तिच्यामागे रेल्वेही नव्या पुलावर गेली, आणि हा एवढा मोठा पूल आपल्या मळ्याच्या कडेला नुसता उभा राहिला. तो पाडायलाही कुणाला सवड झाली नाही.

नदी वळल्यावर वस्तीवरच्या बायका तिची ओटी भरायला नव्या पात्रावर जाऊ लागल्या. तू मात्र खण, नारळ, तांदूळ घेऊन या कोरड्या कमानीखालीच यायचीस. तुझी पाठ वळली की खण बकरी चघळायची आणि नारळ पोरं पळवायची. मी चिडवलं की म्हणायचीस, "तिकडं तिचं सासर. हे म्हायेर हाय. लेक येवो नायतर न येवो, म्हायेरानं ओटी तयार ठेवायची." तुझ्या हट्टापुढे आम्ही सगळ्यांनी हात टेकले होते.

मग काही वर्षांनी मीच परत आले, अंगावरच्या साडीनिशी, मुलीला कडेवर घेऊन. सासरी काय झालं ते तू विचारलं नाहीस. आधी पिठलं टाकलंस आणि नातीला मांडीवर घेतलंस. त्या संक्रांतीला शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. त्यांचा हात माझ्यापाशी येऊन थबकला आणि पुढच्या बाईकडे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे कुठल्या तोंडाने राहायचं, मुलीला घेऊन कुठेतरी निघून जावं, एवढंच मनात येत होतं. तुला ते न सांगता कळलं.

दुसऱ्या दिवशी तू त्याच काकूंना आणि आणखी चारजणींना पुलाखाली घेऊन आलीस. त्यांना वाटलं, नेहमीची नदीची ओटी. तू मला दगडावर बसवतेस, "पदर पसर" म्हणतेस, आणि नदीसाठी आणलेला खण माझ्या पदरात घालतेस. काकू पुटपुटतात, "अगं, नवऱ्याला सोडून आलीय ती." तू मान वर न करता म्हणतेस, "उद्या नदी परत आली तर तिला बी असंच म्हणशील का? लेक माझी हाय. नारळ दे इकडं." मग काकूंनी नारळ माझ्या पदरात घातला, स्वतःच्या हाताने.

मी राहिले, आई. मळा आता मीच बघते. तुझी नात कॉलेजला जाते आणि मला उलट उत्तरं देते, अगदी तुझ्यासारखी. तुझे उपकार मानायला तू असताना कधी जमलं नाही, म्हणून हे लिहून आज कमानीत ठेवणार होते. पण बकऱ्या जवळच चरत होत्या. कागद तसाच घरी घेऊन आले.

दरवर्षी मी तिथे ओटी ठेवते, तेव्हा लोक म्हणतात, आईचा नेम लेकीने चालवला. खरं सांगू? नदीचं मी नावही घेत नाही. खण तुला आवडायचा तोच घेते, वांगी रंगाचा.