खालचा काटा, वरचा लॅपटॉप

ती. दादास,

खालच्या मजल्यावरून साष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही दोघं इकडे खुशाल. तुझी खुशाली पत्रानेच विचारतोय, कारण आठ महिने आपलं बोलणं बंद आहे आणि आधी कोणी सुरू करायचं हे अजून ठरलेलं नाही. (पत्र म्हणजे बोलणं नव्हे. हिला विचारून खात्री केली आहे.) गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि तू वर एकटा असतोस, तर जपून राहावं.

विषय आपल्या कुरियरच्या दुकानातल्या पार्सलच्या वजनकाट्याचा. काउंटर दाराशी असावं की खिडकीशी, एवढ्यावरून तू तडकाफडकी वर गेलास आणि लॅपटॉप घेऊन गेलास. मी नवा कॉम्प्युटर घेतला, काटा त्याला ब्लूटूथने जोडला, वजन आपोआप पावतीवर येऊ लागलं. महिन्यापूर्वी मात्र बिनसलं. सकाळी नऊ वाजले की कॉम्प्युटर म्हणतो, काटा दुसरीकडे गुंतलेला आहे. दुरुस्तीवाला आला. त्याचं म्हणणं, आधी काट्याची जोडणी तोडायची आणि मग प्रोग्राम बंद करायचा, नाहीतर काटा आपण अजून जोडलेले आहोत याच समजुतीत बसून राहतो. मी सगळं तसंच करत होतो, पण त्याने माझ्याकडे चोरासारखं पाहिलं. मधल्या काळात एक बाई रजयांचं पार्सल घेऊन आल्या. मी ते पोटाशी धरून घरच्या वजनकाट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. बाईंनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. माझं वजन आता सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे.

मग एकदा दुरुस्तीवाला समोर असतानाच वीज गेली. कॉम्प्युटर बंद, पण बॅटरीवरच्या काट्याचा निळा दिवा स्थिर, म्हणजे कोणाशी तरी जोडलेला. मी दिव्याकडे पाहिलं, दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि हिने छताकडे पाहिलं. महिन्यापूर्वी तू टेबल ओढत बरोब्बर आमच्या काउंटरच्या वर आणलंस. (छतातून सगळं ऐकू येतं. तक्रार नाही.) तुझ्या लॅपटॉपमध्ये आपला जुना प्रोग्राम आहे. झाकण उघडलं की तो आपणहून काटा पकडतो. लॅपटॉप रीतसर बंद करणं तुला कधी जमलं नाही, नुसतं झाकण आपटतोस, त्यामुळे जोडणी तुटत नाही आणि मला काट्याची बॅटरी काढून त्याला भानावर आणावं लागतं. तरी कृपा करून तो प्रोग्राम काढून टाकावा. कसा काढायचा ते दुरुस्तीवाल्याने सोबतच्या कागदावर लिहून दिलं आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र हिने वाचलं आणि माझ्यावर उखडली. नऊला निळा दिवा स्थिर झाला की आम्हाला कळतं, तू उठलास आणि टेबलापर्यंत चालत आलास. मंगळवारी अकरा वाजले तरी तो लुकलुकतच होता. काटा मोकळा, माणसं रांगेत, पण काळजीने मला तो कॉम्प्युटरला जोडून एकाही पार्सलचं वजन करवेना. ही तीनदा अर्धा जिना चढून परत आली. अकरा दहाला दिवा स्थिर झाला, तेव्हा तिने सगळ्या रांगेदेखत डोळे पुसले. मी आत जाऊन पुसले.

आणखी ता.क. प्रोग्राम राहू दे, कागद फाडून टाक. फक्त उशिरा उठणार असशील तर आदल्या दिवशी कळवत जा. त्यासाठी बोलावं लागलं तरी माझी हरकत नाही.