गोदाचं पोट आणि मावशीची मांडी

१२ जानेवारी १९८४

मला गोदाच्या पोटाची काळजी वाटते, की आशाचा हेवा? 

वहिनीच्या बाळंतपणाला तिची बहीण आशा शहरातल्या औरंगपुऱ्यातून आली आणि चितेगावातलं आमचं घर तिचंच झालं. दादाची चार वर्षांची गोदा माझ्या कुशीत झोपायची. आता तिला मावशी लागते – मावशीकडे बिस्किटाचा पुडा असतो. आत्याकडे पालक आणि पाणी.

गोदाला दिवसभर चहा-बिस्किटं, डिंकाचे लाडू. भाकरीला शिवत नाही. परसाकडे बसली की रडते, म्हणून बसतच नाही.

१५ जानेवारी

पुडे माळ्यावर लपवले. गोदानं आकांत केला. दादा म्हणाला, "शिकली, अन् लेकराच्या तोंडातलं काढाया लागली." आशा म्हणाली, "ताई, तुमच्या बी.ए.ला लेकराचं पोट बी होतं व्हय?" सगळे हसले. खोलीतून वहिनीसुद्धा. निकालाच्या दिवशी याच दादानं गावभर पेढे वाटले होते.

पुडे लपवताना मला बरं वाटलं. पोटासाठी नव्हे.

१९ जानेवारी

बेंबीपाशी दुखतंय म्हणते. जेवली नाही. आशानं चहातून एरंडेल पाजलं, हिंग लावून पोट चोळलं. मी सांगितलं – माझ्या बालवाडीच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, दुखत्या पोटाला जुलाब नको, चोळणं नको. शौच साठून झालेला कडक खडा अपेंडिक्सच्या तोंडाशी अडकू शकतो. दर वेळी नाही, पण अडकतो.

"माझं काहीच तुम्हाला बघवत नाय, ताई."

गोदा तिच्या मांडीवर झोपली. थोपटते छान, मेली.

२० जानेवारी

सकाळी उलटी. अंग तापलेलं. उजव्या बाजूला हात धरून वाकून चालत होती. शिबिरातलं आठवून "लंगडी घाल बरं," म्हटलं. एक पाय उचलला आणि कळवळून खाली बसली.

आशा पुन्हा एरंडेलाची वाटी घेऊन आली. मी ती मोरीत ओतली. दादा शेतात. वहिनी बाळाला घेऊन दारापर्यंत आली – "घेऊन जा, वन्सं. बोलणी मी खाईन."

टेम्पो मिळाला. आशा अनवाणी धावत आली आणि मागं चढली. शहर येईपर्यंत गोदा तिच्याच मांडीवर.

२१ जानेवारी

काल संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्सच्या तोंडाशी खडाच होता. फुटायच्या बेतात होतं म्हणे.

"जुलाब कुणी दिला?" डॉक्टरांनी विचारलं. आशाची मान खाली. तिचं नाव जिभेवर किती दिवस तयार होतं!

"आम्ही दिला," मी म्हणाले.

२२ जानेवारी

वॉर्डात लेकराजवळ एकाच बाईला राहू देतात. दादानं पास माझ्या नावानं आणला. "तूच राहा," म्हणाला. गोदानं डोळे उघडले. "मावशी?"

पास आशाला देऊन आले. इथं घरी बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलंय.