मालातच खोट

ता. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तुम्ही अबोला धरलात, तरी लिहितोय. बाबा गेल्यावर मला दुसरं आहे कोण? वखारीत नोकरी धरली आहे. दिवसभर खोक्यांवर चिठ्ठ्या डकवतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर तिचं नाव लिहावंसं वाटतं. ती म्हणजे बुडालेल्या साबण कारखानदाराची नात. हसू नका.

तिचे वडील मला दारात उभं करत नाहीत. कारण तुम्ही! धंद्याच्या स्पर्धेत कोण का बुडालं, हे शोधण्यात तुमची हयात गेली. ज्या पुस्तकाने तुम्हाला प्राध्यापक केलं, त्यात त्यांच्या कारखान्यावर तीन शब्द आहेत: ‘मालातच खोट होती.’ ते वाचून तिच्या आजोबांनी अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत. खरं सांगा, साबण वाईट होता का? नाहीतर तुमच्या सत्काराला येऊन सगळ्यांसमोर विचारीन.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमचा,
भडकू

ता. ९ मार्च

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

धमक्या देतोस, म्हणजे तब्येत ठीक आहे. काकू विचारते, जेवतोस की नुसते उसासे गिळतोस?

साबण उत्तम होता. तुझी आजी तोच वापरायची. मोठ्या कंपनीने दुकानदारांना दम भरला, त्यांचा साबण ठेवाल तर आमचा मिळणार नाही. सहा महिन्यांत कारखाना बसला. तो दम भरल्याचा कागद मी पुस्तक लिहितानाच पाहिला होता. पण दप्तर उघडून दिलं होतं त्याच कंपनीने. खरं लिहिलं असतं, तर दप्तरही बंद आणि माझी वाटही.

येत्या आठवड्यातला सत्कार पार पडला की मी स्वतः दुरुस्ती छापीन. शब्द देतो. हे घरातलं घरातच ठेव, वाचून फाडून टाक.

तुझ्या आततायीपणासकट तुझ्यावर जीव असलेला,
काका

ता. १८ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फाडलं नाही. तिच्या वडिलांच्या हातात दिलं. वाटलं, वाचतील आणि मला घरात घेतील. त्यांनी तुमच्या सत्कारात उठून ते मोठ्याने वाचलं. तुम्ही चष्मा पुसत बसलात म्हणे, पुसून झाल्यावरही.

पण काका, ते आता लग्नाला जवळजवळ राजी आहेत! फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांकडे माझी चौकशी करणार म्हणाले. म्हणजे तुमच्याकडेच. दोन बरे शब्द लिहा. तिच्यावाचून मी जगणार नाही.

पायांवर डोकं ठेवून,
भडकू

ता. २७ मार्च

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाने राजीनामा मागून घेतला. दुकानांतून परत आलेली पुस्तकं पलंगाखाली रचली आहेत. काकूला केर काढता येत नाही, म्हणून ती रोज तुझा उद्धार करते.

तिच्या वडिलांचं पत्र आलं. मुलगा विश्वासाचा आहे का, या वेळी तरी खरं कळवा, एवढंच होतं त्यात. तुझ्यासाठी खोटं लिहायलाच बसलो होतो रे. हात चालेना. ती सवय तूच मोडलीस. शेवटी ठाऊक होते तेच तीन शब्द लिहिले: मालातच खोट आहे. पुरावा जोडावा लागला नाही. तो त्यांच्याकडेच होता, माझ्याच अक्षरात.

त्यांचा नकार सोबत पाठवतो. खालची ‘मलाही हेच वाटतं’ ही ओळ तिच्या हातची आहे.

जेवत जा. लोभ होता तेवढाच आहे.
काका