नोटीस पिरियडवरचं झुडूप

१२ ऑक्टोबर
ही लेकीच्या बाळंतपणाला गेली. चार महिने. जाताना फाटकाजवळचं झुडूप दाखवून म्हणाली, "लेक झाली त्या वर्षी लावलंय. आल्यावर जागेवर दिसलं, तरच बॅग उघडेन." नाटकं! ऑफिसात चाळीस माणसं वठणीवर आणलीत मी. हे तर नुसतं आठ फुटी झुडूप.

१३ ऑक्टोबर
संकल्प: रोज सकाळी सहाला पाणी.

१४ ऑक्टोबर
साडेनऊला पाणी. झाडाला कुठे घड्याळ कळतं?

९ नोव्हेंबर
पानं पिवळी. डबल खत. फोनवर हिला म्हणालो, सगळं फर्स्ट क्लास. माझ्यासाठी स्वेटर विणतेय म्हणे. लेकीची चौकशी राहिली.

२ डिसेंबर
पानगळ. सरळसरळ कामचुकारपणा. समोर उभं राहून तोंडी समज दिली. शेजारच्या टेलरबाई कुंपणावरून म्हणतात, "अहो साहेब, थंडीत झोपू द्या की त्याला!" झोपणाऱ्यांचं काय करायचं, ते मला विचारा.

२० डिसेंबर
नातू झाला. झुडपावर एक पान नाही. पंधरा दिवसांची नोटीस दिली. झुडपाला.

४ जानेवारी
मुदत संपली. कुदळीने उपटलं. कंबर गेली. मुळं ओली निघाली, पण निर्णय फिरवला की वचक जातो. टेलरबाईंनी मागितलं. जळणाला असेल. उदार मनाने दिलं.

५ जानेवारी
नर्सरीतून तेवढंच उंच, बारमाही हिरवंगार झाड आणून लावलं. हिला फोटो: "बघ, एक पान गळू दिलं नाही!"
संध्या. ७. हिचं उत्तर: "दर हिवाळ्यात बोडकं होतं ते. सव्वीस वर्षं. तुम्ही रोज त्याच्याखालूनच ऑफिसला जाता." कौतुकाचा शब्द नाही.

१२ फेब्रुवारी
दु. १२. ही आली. फाटकाशी थांबली, नव्या झाडाकडे पाहिलं आणि शेजारी वळली. टेलरबाईंच्या अंगणात आमचं झुडूप! छाटलेलं, काठीला बांधलेलं, फांदीफांदीवर कोंब. मी हाक मारली. ऐकू गेली नसावी.
दु. २. हिने बॅग उघडली. टेलरबाईंच्या पायरीवर. स्वेटर काढला आणि झुडपाच्या बुंध्याला गुंडाळला.
मला तसाही घट्टच झाला असता.