रोपांवर पाणी सोडा

प्रिय चिमणे,

तुझा खोकला गेला का? जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, खुर्चीला चिकटून बसू नका, मधेमधे उठत जा. तुझ्या सासूबाई काठी टेकत का होईना पण जिना उतरतात, हे ऐकून फार बरं वाटलं. आणि आमची ठकी? दात येताना पोर किरकिर करणारच, तू तिच्याबरोबर रडत बसू नकोस. मी ठणठणीत आहे. तुझे बाबाही बरे आहेत, आणि ते कसे बरे आहेत ते सांगायलाच बसले आहे. फोनवर सांगायला गेले तर आधी हसू येईल, मग रडू. त्यापेक्षा कागद बरा.

ऊन काही हटायला तयार नाही. दुपारी रोपवाटिकेचं फाटक फडक्यानं धरून उघडावं लागतं. आभाळ नुसतं घासून ठेवलेल्या ताटासारखं, ढगाचं नाव नाही. बाबांना लिंबाच्या रोपांमध्ये भोवळ आली ते तुला ठाऊकच आहे. त्यानंतरच तू फोनवर त्यांना म्हणालीस, "बाबा, आता त्या रोपांवर पाणी सोडा आणि आमच्याकडे राहायला या." ते बरं म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेले. मला वाटलं, सुटला एकदाचा प्रश्न. मी ट्रंक काढली आणि कपडे भरायला बसले.

संध्याकाळी बाहेर जाऊन बघते तर हे नळी घेऊन उभे. एकेका रोपाला न्हाऊ घालावं तसं पाणी घालत होते, वर गुणगुणणं चालू. टँकर यायला चांगला अवकाश होता आणि टाकीच्या तळाचा गाळ दिसत होता. मी जे तोंड सोडलं, ते शेजारपाजारच्यांनीही ऐकलं असेल. यांनी नळ नीट बंद केला आणि म्हणाले, "लेकीनं सांगितलं, रोपांवर पाणी सोडा. सोडलं."

मी कपाळाला हात लावला. ऊन डोक्यात गेलं म्हणावं तर मिशा हसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. चहाचा कप तेवढा आदळून ठेवत होते.

पण टाकी कोरडी पडली म्हणून ते पाणी शोधायला निघाले, आणि सापडलं कुठे, तर मागच्या गल्लीत, बर्फाच्या कारखान्यात. लाद्या साच्यांतून सुटाव्यात म्हणून ते साचे साध्या पाण्यात बुडवतात आणि ते पाणी रोज गटारात सोडतात. इतकी वर्षं आपण त्या भिंतीला लागून राहिलो, कधी डोकावलो नाही. शेजारच्याच हौदात बर्फ गोठवायचं खारं पाणी असतं, ते घातलं असतं तर सगळं जळालं असतं. म्हणून बाबांनी आधी बोट बुडवून चाखलं. मालकाला सगळी गल्ली थंडोबा म्हणते. त्यानं विचारलं, आजोबा, बर्फाची लागवड करताय काय? हे म्हणाले, हो, पीक आलं की तुलाच विकणार. तेव्हापासून थंडोबाच चढावर पाण्याचा गाडा ढकलायला येतो. पाणी इतकं गार की रोपांना हुडहुडी भरेल, म्हणून पिंपात भरून ठेवायचं आणि गारठा गेला की मगच घालायचं. दुपारी मी फाटकाला कुलूप लावते आणि यांना पंख्याखाली झोपवते. कुरकुरतात, पण झोपतात.

फुलझाडं निम्मी गेली, खोटं कशाला बोलू. पण लिंबाला नवी पालवी आहे, सावलीची झाडं तर तरारली आहेत. शाळेच्या बाईंनी पावसाळ्यात मैदानाभोवती लावायला ती सांगूनही ठेवली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल गाडा ओढता ओढता हे थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "फोनवर आवाज पोरीचा होता, बोलणं तुझं होतं." त्यांना असं असं सांग म्हणून मीच तुला पढवलं, हे त्यांनी त्याच क्षणी ओळखलं होतं, आणि तरी मला पोटभर ओरडू दिलं. त्यांना खाली पडलेलं पाहिलं आणि माझाच धीर सुटला होता, चिमणे. तो परत आला आहे. ट्रंक मी आज रिकामी केली. रविवारी जावईबापूंना आमचं सामान न्यायला टेम्पो घेऊन येऊ देऊ नकोस. पाऊस अजून आला नाही, पण येईल, आणि येईल तेव्हा आम्ही इथेच असू. एकच गोष्ट टोचते. तू खोली रिकामी करून ठेवलीस, ती माझ्या शब्दाखातर की आम्ही तुला जवळ हवे होतो म्हणून, हे मी विचारलंच नाही. उत्तर लवकर लिही, आणि या खेपेला मी सांगितलेलं नको, तुझ्या मनातलं लिही.

तुझीच,
आई