पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण मान अजून खाली वाकायला तयार नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घ्या. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला? (खोकला निदान चारचौघांना ऐकू तरी येतो. माझ्या दुखण्याला तेवढीही सोय नाही.)

तर पुन्हा तेच. एकाएकी ताप, उलट्या, डोकं फुटतंय असं वाटणार, मान लाकूड, उजेड डोळ्यांत टोचणार. आणि चार-पाच दिवसांत सगळं आपोआप गायब. दर वर्षा-दोन वर्षांनी हा तमाशा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं मान खाली घालायची नाही आणि दिव्याकडे बघायचं नाही, तर करायचं काय हो? मालक म्हणतात, कामाचा ढीग पडला की बरोबर येतो हा आजार. तुमची भाचेसून तोंडानं काही बोलत नाही (भांडी आपटते). मला बाकी काही नको होतं मामा, माझं दुखणं खरं आहे एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पहिल्यांदा इस्पितळात धावाधाव झाली. मेंदूवरच्या आवरणाला सूज आहे म्हणाले, भराभर इंजेक्शनं टोचली, आणि मग जंतू काही सापडले नाहीत. पुढच्या वेळी आमच्या घरच्या रीतीप्रमाणे दोन दिवस बघू असं ठरलं. बघून झाल्यावर गेलो तर मी ठणठणीत! डॉक्टरीणबाई वैतागल्या. विषाणू पकडायचा तर आजार ऐन भरात असतानाच मणक्यातून पाणी काढून तपासायला हवं, पुढच्या वेळी ताबडतोब या, म्हणाल्या. झालं! तेव्हापासून अख्खं घर मी आजारी पडायची वाट बघायला लागलं. पिशवी भरून दाराशी. बायको रोज सकाळी मोठ्या आशेनं विचारायची, काही दुखतंय का? नाही म्हटलं की हिरमुसायची. सासूबाईंचा फोन, अजून नाही का? शेवटी गेल्या आठवड्यात दुकानात डोकं ठणकलं, तर मालकांनी स्वतः गाडी बोलावली. बायको वाटेत इतकी खूश होती की ड्रायव्हरनं आमचं अभिनंदन केलं. मग मला गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपवलं आणि पाठीत सुई घातली. (मी ओरडलो नाही. बायको काहीही सांगेल, ती बाहेर होती.)

रिपोर्ट यायचाय. जीव थकलाय, पण बरा आहे.

तुमचा,
कटकट्या भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात रिपोर्ट आला. विषाणू सापडला! हर्पीज, दुसऱ्या प्रकारचा. बायको तिथंच रडली, उगाच तुमच्या दुखण्यावर संशय घेतला म्हणाली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

ता. क. २. मग तिनं विचारलं, हा येतो कुठून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक शरीरसंबंधातून. नसांमध्ये वर्षानुवर्षं निजून राहतो, कित्येकांना पत्ताही नसतो. कुणाकडून कुणाला, लग्नाआधी की नंतर, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. मी बायकोकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

ता. क. ३. मामा, शपथ घेऊन सांगतो, मला काही माहीत नाही. तीही तेच म्हणते. आता आम्ही एकमेकांशी फक्त मीठ हवं का एवढंच बोलतो. मला हे सहन होत नाही. तुम्ही दोघं लगेच या, आठ दिवस राहा. फक्त हे पत्र मामींना दाखवू नका, नाहीतर त्या तुमच्याकडे बघायला लागतील.